कळफलकाचा आवाज : पेढीतला आणि घरातला

वडगावची बाजारपेठ असो, कामशेतमधील भुसार मालाची दुकाने असोत वा लोणावळ्यातील चिक्कीची दुकाने असोत, गेल्या काही वर्षांत आपल्या पेढ्यांमध्ये एक नवा आवाज कायमचा वस्तीला आला आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि हाताने बिल फाडण्याचे दिवस झपाट्याने मागे पडले. आता विक्रीचे बिल, जमा-नावे, मालाबरोबर जाणारे ई-वे बिल, सारे काही संगणकावर नोंदवावे लागते आणि ते नोंदवताना होणारी खटखट दुकानाच्या पायरीवरूनही ऐकू येते. पूर्वी मुनीमजींच्या टाकाचा आवाज शेजारच्या गादीवर बसलेल्या शेठजींनाही येत नसे.

ही खटखट दुकानात कोणाला खुपत नाही. उलट, काम चालू असल्याची ती खूण वाटते. परंतु २०२० च्या टाळेबंदीत दुकानातला कळफलक, ज्याला आपण बोलताना सरळ कीबोर्ड म्हणतो, अनेक कुटुंबांत घरी आला आणि परत गेलाच नाही. सूनबाई हिंजवडीतील कंपनीचे काम घरून करू लागल्या, चिरंजीव रात्री जेवणानंतर दिवसाचा हिशेब मिटवू लागले आणि एकाच भिंतीच्या अलीकडे काम व पलीकडे झोप, असा संसार सुरू झाला. ज्या घरात वृद्ध माणसांची झोप हलकी आहे, तेथे हा विषय किरकोळ राहत नाही.

कळफलक विकत घेताना आपण दुकानदाराला विचारतो, “चांगल्या कंपनीचा कोणता?” वास्तविक विचारावयाचे असते ते निराळे. कळेच्या पोटात खटका कोणत्या जातीचा आहे आणि तो कोणत्या खोलीत, कोणाच्या शेजारी वाजणार आहे, याचा विचार आधी हवा. कंपनीचे नाव त्यानंतर.

कळफलकांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पाच-सहाशे रुपयांना मिळणाऱ्या सर्वसाधारण कळफलकात सगळ्या कळांखाली मिळून रबराचे एकच आवरण असते आणि त्यावर प्रत्येक कळेसाठी एक छोटी घुमटी असते. कळ दाबली की घुमटी बसते आणि तिच्याखालील प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यांवरच्या विद्युतरेषा एकमेकींना टेकतात. कळ जवळजवळ तळापर्यंत नेल्याशिवाय अक्षर उमटत नाही. हा कळफलक स्वस्त असतो, आवाज बेताचा असतो; परंतु सतत वापराने रबर चिवट होते आणि मग बोट दाबते एक व उमटते दुसरेच, किंवा काहीच नाही.

दुसरा प्रकार ‘मेकॅनिकल’ म्हणून ओळखला जातो. त्यात प्रत्येक कळेखाली स्वतंत्र खटका असतो. लहानशी पेटी, तिच्यात वरखाली सरकणारी प्लॅस्टिकची दांडी, दांडीखाली स्प्रिंग आणि बाजूला धातूच्या दोन पात्या, एवढाच त्याचा पसारा. दांडीचा एकूण प्रवास सुमारे ४ मिलिमीटर. त्यातील साधारण २ मिलिमीटर झाले की पात्या टेकतात आणि अक्षर उमटते. उरलेला निम्मा प्रवास केवळ बोटाच्या सवयीने होतो. हे ‘निम्म्या वाटेवर अक्षर उमटणे’ ध्यानात ठेवावे; आवाज आणि आराम या दोन्हींचे गणित त्यावरच उभे आहे.

या खटक्यांची ओळख दांडीच्या रंगावरून होते. ही रंगांची पद्धत जर्मनीतील चेरी कंपनीच्या एमएक्स मालिकेने रूढ केली. कंपनी मूळची अमेरिकेतील. ही मालिका १९८० च्या दशकात आली. तिच्या स्वामित्वहक्काची मुदत २०१४ च्या सुमारास संपल्यावर गेटरॉन, कैल्ह, आउटेमू अशा चिनी कंपन्यांनी त्याच घडणीचे खटके बनवावयास आरंभ केला, पण रंगांचा संकेत बहुतांशी तोच ठेवला. त्यामुळे आपल्याला तीन रंग ठाऊक असले तरी बाजारात निभावून जाते.

निळा खटका वाजतो. त्याची दांडी दोन भागांची असते. बाहेरचा छोटा भाग निसटून खाली आपटतो आणि ‘टिक’ असा धारदार आवाज होतो. कळ दाबण्यास सुमारे ६० ग्रॅम वजनाइतका दाब लागतो. बोटाला अडथळा जाणवतो, तो ओलांडल्याचे कळते आणि कानालाही त्याची पावती मिळते. तिजोरीची किल्ली फिरवताना आतला खटका पडल्याचे जसे हाताला आणि कानाला एकदमच समजते, तसा हा अनुभव. तपकिरी खटक्यात तो अडथळा आहे, टिक नाही. दाब सुमारे ५५ ग्रॅम. अडथळाही फार सौम्य, इतका की काहींना तो जाणवतच नाही. तांबड्या खटक्यात ना अडथळा ना टिक. सुमारे ४५ ग्रॅम दाबाने दांडी सरळ लोण्यातून सुरी जावी तशी खाली जाते. याच तांबड्याचा एक मूक अवतार निघतो. त्याच्या दांडीला वर आणि खाली रबराच्या बारीक गाद्या बसवलेल्या असतात, त्यामुळे दांडी आपटते ती मऊ गादीवर. एकूण प्रवास किंचित कमी, ३.७ मिलिमीटर.

आपल्याकडील निळ्या खटक्याचा खरा प्रसार मात्र एका देशी नावाने झाला. चेन्नईच्या टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सचा ‘गोल्ड’ कळफलक ज्यांनी पाहिला नाही असा हिशेबनीस महाराष्ट्रात सापडणे कठीण. बँकांचे काउंटर, रेल्वेची आरक्षण कार्यालये, करसल्लागारांची दालने, सगळीकडे तोच जड, रुंद, टकटक करणारा कळफलक. त्यात चेरीचे निळे खटके असत. १५ जुलै २०१० रोजी केंद्र सरकारने रुपयाच्या चिन्हाला मान्यता दिली. ते चिन्ह छापलेला ‘गोल्ड भारत’ बाजारात यावयास फार वेळ लागला नाही. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हे मोठेच आकर्षण होते. पेढ्यांमध्ये टॅली आणि हा कळफलक यांची जोडी अशी काही जमली की अनेकांना कळफलक म्हणजे वाजणाराच, असे वाटू लागले.

बँकेत आम्हां मंडळींना तर आवाजाचे बाळकडूच मिळाले होते. डॉ. रंगराजन समितीचा अहवाल १९८४ साली आला आणि पुढील काही वर्षांत शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रे येऊ लागली. तत्पूर्वी शाखेचा पत्रव्यवहार टंकलेखन यंत्रावर चाले. गोदरेजने १९५५ साली पहिले भारतीय टंकलेखन यंत्र तयार केले आणि २००९ पर्यंत ही यंत्रे बनवली. त्या यंत्रात अक्षर उमटवण्यासाठी लागणारी सारी शक्ती बोटाची असे. कळ दाबली की लोखंडी दांडा उसळून फितीवर आदळे. पत्राच्या तीन-चार प्रती हव्या असल्या की कागदांमध्ये कार्बन घालून असा ठोसा हाणावा लागे, की शेवटच्या प्रतीवरही अक्षर वाचता यावे. टंकलेखन वर्गात शिकवणारे गुरुजी कानानेच विद्यार्थ्याची परीक्षा करीत. ठोक्यांची लय तुटली की पाठमोरे असतानाही त्यांना कळे.

शांततेची हौस काही आजची नव्हे. अमेरिकेत ‘नॉइजलेस’ नावाची टंकलेखन यंत्रे विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकातच विकली जात आणि १९२४ साली ती कंपनी रेमिंग्टनमध्ये विलीन झाली. त्या यंत्रांत दांडा कागदावर आदळत नसे, दाबला जाई. कार्बनच्या अधिक प्रती काढावयाच्या झाल्या की मात्र त्यांची गोची होई. आवाज कमी करावयाचा तर काहीतरी हातचे सोडावे लागते, हा नियम तेव्हापासूनचा.

टंकलेखन यंत्राचा हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, पन्नाशी ओलांडलेल्या पुष्कळ हिशेबनिसांची बोटे त्याच शाळेत तयार झाली आहेत. समोर निम्म्या वाटेवर अक्षर उमटवणारा नाजूक खटका आहे आणि बोट मात्र चौथ्या कार्बन प्रतीसाठी ठोसा मारते आहे! कळ तळावर आपटते, आवाज दुप्पट होतो आणि बोटांच्या सांध्यांना रोज हजारो लहान धक्के बसतात. मग दोष खटक्याला दिला जातो.

आवाज नेमका कोठून येतो, हे पाहिले की पुष्कळ खर्च वाचतो. पहिला आवाज निळ्या खटक्याची टिक. दुसरा, कळ तळावर आपटल्याचा. आणि तिसरा, ती उसळून वर आल्याचा. हे दोन तांबड्या-तपकिरी खटक्यांतही आहेतच. ‘तांबडा घेतला तरी आवाज येतोच’ अशी तक्रार ऐकू येते ती याचमुळे. चौथा आवाज मोठ्या कळांचा. स्पेस आणि एंटर या लांब कळांखाली तारेचा आधार असतो आणि ती तार सैल असली की खडखडते. टॅलीत काम करणाऱ्याचा हात सर्वांत अधिक कोठे पडत असेल, तर आकड्यांच्या बाजूच्या एंटरवर. घरातील माणसांची झोपमोड करणारी कळ बहुधा तीच असते. त्या तारेला दाट ग्रीसचा एक थेंब लावला की निम्मी तक्रार मिटते. पाचवा आवाज टेबलाचा. पोकळ प्लायवूडचे किंवा पत्र्याचे टेबल म्हणजे तबलाच. कळफलकाखाली जुन्या चादरीची चौपदरी घडी किंवा जाडसर नमदा घातला, की तोच कळफलक पुष्कळ समंजस वाटू लागतो. कळांखाली घालावयाची रबरी कडीही मिळते. ती खाली आपटण्याचा आवाज कमी करते. निळ्याच्या टिकेवर मात्र तिचा काही इलाज चालत नाही.

लोणावळ्यात तर हा आवाज ऋतूप्रमाणे बदलतो. जुलै-ऑगस्टमध्ये पत्र्यावर पाऊस असा कोसळत असतो की शेजारी कोणी टंकलेखन यंत्र बडवले तरी ऐकू येऊ नये. डिसेंबरच्या रात्री मात्र घाट चढून आलेल्या गाडीचा आवाज विरला की पुढची शांतता इतकी दाट असते की पलीकडच्या खोलीतील निळा खटका कानाशी वाजल्यासारखा वाटतो. (घाट चढताना गाडीला मागून रेटणाऱ्या इंजिनाला रेल्वेवाले ‘बँकर’ म्हणतात. आम्हां बँकवाल्यांना या नावाचे नेहमीच कौतुक वाटत आले आहे.) गमतीची गोष्ट अशी की या गाड्यांनी येथील रहिवाशांची झोप मोडत नाही. एका लयीत येणाऱ्या व जाणाऱ्या आवाजाला कान सरावतो. कळफलकाचा आवाज थांबतो, पुन्हा सुरू होतो, मध्येच एंटरचा दणका येतो. त्याची सवय होत नाही.

माझ्या माहितीतील तळेगावच्या एका व्यापारी कुटुंबात हेच घडले. दुकानातला जुना निळ्या खटक्यांचा कळफलक सूनबाईंच्या वाट्याला आला. काम अमेरिकेच्या वेळेनुसार, म्हणजे रात्री साडेअकरापर्यंत. पलीकडच्या खोलीत सासूबाई. पहाटे साडेचारला उठण्याचा त्यांचा नेम. त्या काही बोलल्या नाहीत. सूनबाईही काही बोलल्या नाहीत. परंतु आवाज होऊ नये म्हणून त्या कळा दबकत, बोटे अधांतरी धरून दाबू लागल्या आणि दोन-तीन महिन्यांत उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत दुखणे सुरू झाले. शेकणे झाले, पट्टा झाला. शेवटी एकदा जेवताना सासूबाई म्हणाल्या, “अगं, तुझा हात दुखतो तो कामाने नाही, माझ्या भीतीने दुखतो. तू दुसरा कीबोर्ड आण बाई.” मूक तांबड्या खटक्यांचा कळफलक आला. दुखणे एका दिवसात गेले असे मी म्हणणार नाही. काही आठवडे लागले. पण दबकून दाबणे थांबले, हे महत्त्वाचे. निळ्या खटक्यावर हळू दाबून उपयोग नसतो. अडथळा ओलांडला की टिक होणारच आणि तो ओलांडावा की नाही या संभ्रमात बोटाचे स्नायू ताणलेले राहतात. घरातील संकोच असा हातात उतरतो.

आरामाविषयी बोलताना मला बँकेची आकडेमोड करण्याचा मोह होतो. समजा, दिवसाला १०,००० कळा दाबल्या. निळा आणि तांबडा यांत कळेमागे १५ ग्रॅमचा फरक, म्हणजे दिवसाला १५० किलोचा! हे गणित शास्त्रीय नाही, कारण बोट वजन उचलत नाही आणि दाब लगेच सुटतो. तरीही संध्याकाळी करंगळी आणि अनामिका का थकतात याची कल्पना त्यावरून येते. याउलट, फार हलक्या खटक्यालाही खोट आहे. बोट विसावले तरी कळ दबते आणि नको तो आकडा उमटतो. ज्यांचा हात जड, ज्यांना कळेवर बोटे टेकवून विचार करण्याची सवय, त्यांनी तांबड्याच्या वाटेला न जाता तपकिरीच घ्यावा.

खटक्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व बैठकीला आहे. मेकॅनिकल कळफलक उंच असतो. त्याचे मागचे पाय उघडले की मनगट वर वाकते आणि दुखण्याला निमंत्रण मिळते. पाय मिटलेलेच ठेवावेत. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात जमिनीला समांतर राहील एवढी खुर्ची उंच हवी. गरज पडल्यास पायांखाली पाट घ्यावा. गादी-तक्क्याच्या बैठकीवर लिहिण्यासाठी पूर्वी उतरते मेज असे. त्यावर वही उत्तम राही, कळफलक मात्र मुळीच राहत नाही. आजही काही पेढ्यांवर त्या मेजावर लॅपटॉप ठेवून मंडळी मान मोडेपर्यंत काम करतात, ते पाहवत नाही.

आता आपल्या व्यवसायाची खास बाब. नव्या पिढीला आवडणारे रंगीत दिव्यांचे कळफलक मुख्यतः खेळांसाठी बनवलेले असतात आणि त्यांतील पुष्कळांना उजवीकडचा आकड्यांचा भागच नसतो. १०४ कळांऐवजी ८७, कधी त्याहूनही कमी. मुलाने हौसेने आणलेला असा सुंदर कळफलक दुकानात चार दिवसांत अडगळीत जातो, कारण व्यापाऱ्याचा उजवा हात त्या सतरा कळांवरच चालतो. मधल्या ५ वर बारीक उंचवटा असतो. त्यावर मधले बोट ठेवले की न पाहता आकडे घालता येतात. या भागात ७-८-९ वर असतात, टेलिफोनवर मात्र १-२-३ वर. हिशेबयंत्रांची मांडणी आधीची. टेलिफोनसाठी बेल प्रयोगशाळेने निरनिराळ्या मांडण्यांचे प्रयोग करून १९६० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि तेथे दुसरी मांडणी रूढ झाली. दिवसभर मोबाइल हाताळणाऱ्या मुलांची आकड्यांत चूक होते ती कित्येकदा या उलटसुलट मांडणीमुळे होते. त्यांच्यावर रागावण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.

आकड्यांच्या कामात खटक्याचा आणखी एक गुण तपासावा लागतो. व्यापाऱ्याला शून्ये पाठोपाठ घालावी लागतात. निळा खटका एकदा उमटला की पुन्हा उमटण्यासाठी दांडी बरीच वर यावी लागते. घाईत ५,००० चे ५०० होण्याचा संभव असतो. तांबडा लगेच पुन्हा उमटतो. त्यामुळे, केवळ आकड्यांचा वेग पाहिला तर तांबडा सरस, आणि आकडा उमटल्याची खात्री हवी असेल तर निळा. पेढीवर चार माणसे बोलत असताना, गिऱ्हाईक समोर उभे असताना नोंद करणाऱ्याला ती टिक आधार देते, हे मी स्वतः काउंटरवर पुष्कळदा अनुभवले आहे. म्हणून दुकानातून निळा हद्दपार करावा, या मताचा मी नाही.

मात्र याच खटक्यांचे एक दुखणे हिशेबाच्या दृष्टीने गंभीर आहे. पात्यांवर धूळ किंवा गंज बसला की एकदा दाबलेली कळ दोनदा उमटते. जाणकार याला ‘चॅटर’ म्हणतात. अक्षराच्या बाबतीत ते डोळ्यांना खटकते. शून्याच्या बाबतीत ५,००० चे ५०,००० होतात आणि रकान्यात ते अगदी निर्दोष दिसतात! करखात्याच्या १५ अंकी-अक्षरी नोंदणी क्रमांकात असे झाले तर संगणक निदान अडवतो. रकमेत अडवणारे कोणी नसते. कंपन्या खटक्याचे आयुष्य पाच ते दहा कोटी दाबांचे सांगतात. दिवसाला शून्याची कळ हजार वेळा दाबली आणि वर्षाचे कामाचे दिवस ३०० धरले, तरी पाच कोटींना १६६ वर्षे लागतील. तो हिशेब बंद खोलीतला. मावळातील चार महिन्यांच्या दमट हवेत, दुकानाच्या धुळीत, दर दिवाळीला तपासणी करणे इष्ट. कोऱ्या पानावर प्रत्येक आकडा वीस वेळा सावकाश दाबून मोजावा. एकवीस उमटले तर तो खटका बदलावा. अलीकडे खटका चिमट्याने उपटून दुसरा बसवता येईल असे कळफलक मिळतात. ते थोडे महाग पडले तरी व्यापाऱ्याने तेच घ्यावेत, असे माझे मत आहे.

चिक्कीच्या दुकानाला यांतील कोणताच सल्ला लागू नाही. गुळाचे कण, शेंगदाण्याची साले, चिकट बोटे आणि शनिवार-रविवारची झुंबड यांत मेकॅनिकल खटक्याचा निभाव लागत नाही. तेथे साधा रबरी कळफलकच योग्य, वर पारदर्शक आवरण घालून. बिघडला की दुसरा आणावा.

मराठीत काम करणाऱ्यांनाही जाता जाता एक सांगावेसे वाटते. जुन्या टंकलेखकांचा हात रेमिंग्टन मांडणीवर बसलेला असतो आणि तो मोडण्याचा आग्रह धरू नये. परंतु जे आता नव्याने शिकत आहेत त्यांनी १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने मान्य केलेली इनस्क्रिप्ट मांडणी घ्यावी. तिच्यात स्वर व काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. देवनागरीत व्यंजनामागून मात्रा येते, त्यामुळे दोन्ही हात आळीपाळीने चालतात आणि एका हातावर भार पडत नाही. हे सुख तपकिरी खटक्यावर विशेष जाणवते.

खरेदीला पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेलात तर कळ दोनदा टिचकावून निर्णय घेऊ नये. दुकानदाराला विनंती करून, खुर्चीवर बसून, आपलेच एखादे नेहमीचे बिल तीन-चार वेळा घालून पाहावे: गिऱ्हाइकाचे नाव, नोंदणी क्रमांक, पाच-सहा मालांची नगसंख्या व दर. दुकानातील गलबल्यात प्रत्येक खटका शांत वाटतो, हेही विसरू नये. ज्या खोलीत तो वापरावयाचा आहे तेथे पहिल्याच रात्री दार लावून पलीकडे कोणाला तरी बसवावे. परत घेण्याची मुदत विचारूनच पैसे द्यावेत.

आणि घरी आणल्यावर वर्षातून एकदा वरच्या टोप्या काढून कोमट साबणाच्या पाण्यात धुवाव्यात. खालच्या खटक्यांना पाणी लावू नये, मऊ ब्रशने धूळ झाडावी. काढण्यापूर्वी मोबाइलवर कळफलकाचा फोटो घेऊन ठेवावा, नाहीतर परत बसवताना रुपयाची कळ कोठे होती यावर घरात चर्चा झडते. टोप्या वाळवावयास एरवी एक दिवस पुरतो. लोणावळ्यात हे काम जुलैमध्ये काढूच नये.